एक रेणू, चार पत्ते

अंगावर पित्त उठलं की अ‍ॅव्हिल आणि पोटातलं पित्त खवळलं की रॅनटॅक. महाराष्ट्रातल्या घरोघरच्या औषधांच्या डब्यात विसाव्या शतकाच्या अखेरीस ही वाटणी इतकी पक्की झाली होती की ती कोणी आणि कशी केली, हे विचारण्याची गरजच कोणाला वाटत नव्हती. खरं तर ही दोन्ही औषधं एकाच रेणूच्या आड येतात. त्याचं नाव हिस्टामिन. तरीही अ‍ॅव्हिलने छातीतली जळजळ शमत नाही आणि एकट्या रॅनटॅकने अंगावरच्या गांधी बसत नाहीत.

हे असं का, याचं उत्तर मिळायला रेणू सापडल्यापासून पासष्ट वर्षं लागली. हिस्टामिन हे एकच मजकूर असलेलं पत्र आहे असं समजा. ते कोणत्या पत्त्यावर पडतं त्यावर पुढे काय घडणार हे ठरतं. पेशीच्या पृष्ठभागावरचे हे पत्ते म्हणजे रिसेप्टर. हिस्टामिनचे असे चार पत्ते आज माहीत आहेत. त्यांचा शोध परदेशांतल्या प्रयोगशाळांत लागला. पण त्या विचाराची कसोटी लागली ती रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात, आणि त्यातून निघालेल्या गोळ्या स्वस्त झाल्या त्या मुंबई-नाशिकसारख्या शहरांत वाढलेल्या औषध उद्योगामुळे.

बुरशीपासून अ‍ॅव्हिलपर्यंत

१९०७ साली जर्मनीत विंडाउस आणि फोग्ट या रसायनज्ञांनी हिस्टामिन तयार केलं, तेव्हा त्याचा शरीराशी काही संबंध असेल असं त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. तिकडे लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत हेन्री डेल अर्गटचा अभ्यास करत होते. अर्गट ही राय नावाच्या धान्यावर वाढणारी बुरशी. बाळंतपणातला रक्तस्राव थांबवायला तिचा अर्क वापरला जाई. १९१० साली त्या अर्कात बार्जर आणि डेल यांना हाच रेणू सापडला. मग डेल आणि पॅट्रिक लेडलॉ यांनी तो प्राण्यांना टोचून पाहिला. गिनीपिगच्या श्वासनलिका आवळल्या, तर कुत्र्या-मांजरांचा रक्तदाब कोसळला. १९०२ मध्ये फ्रान्समध्ये रिशे आणि पोर्तिए यांनी ‘अ‍ॅनाफायलॅक्सिस’ ही जीवघेणी प्रतिक्रिया वर्णन केली होती. तिच्याशी या लक्षणांचं साम्य डेल यांच्या नजरेतून सुटलं नाही.

एक शंका मात्र उरली होती. प्रथिनांमधल्या हिस्टिडिनपासून जंतूही हिस्टामिन बनवतात. बर्फाविना उन्हात राहिलेला बांगडा खाऊन तोंड लालबुंद होतं आणि अंगाला खाज सुटते, ती यामुळेच. मग अवयवांत सापडणारं हिस्टामिन शरीराचं स्वतःचं कशावरून? ते कुजण्यातून तर आलं नसेल? १९२७ साली बेस्ट, डेल, डडली आणि थॉर्प यांनी ताज्या फुप्फुसातून आणि यकृतातून ते वेगळं काढलं आणि ही शंका मिटवली. हिस्टामिनचा साठा मुख्यतः ‘मास्ट’ पेशींत असतो, हे रायली आणि वेस्ट यांनी दाखवलं ते पुढे १९५३ मध्ये.

दरम्यान पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दानिएल बोव्हे यांनी उलट बाजूने विचार केला. हिस्टामिन इतका उत्पात घडवत असेल, तर त्याला अडवणारा रेणूही असायला हवा. १९३७ साली आन-मारी स्टोब या तरुण संशोधिकेसोबत त्यांना असा पहिला रेणू मिळाला. गिनीपिग त्याने वाचत, पण माणसाला देण्याच्या मानाने तो फार विषारी होता. १९४२ मध्ये फ्रान्समध्येच बर्नार्ड हाल्पर्न यांनी माणसांना देता येईल असं ‘अँटर्गन’ वापरात आणलं. अमेरिकेत जॉर्ज रिव्हशल यांचं ‘बेनाड्रिल’ १९४६ साली बाजारात आलं. फ्रेंचांनी प्रोमेथाझिन म्हणजे ‘फेनर्गन’ दिलं आणि जर्मन कंपनी होएक्स्टने फेनिरामिन म्हणजे ‘अ‍ॅव्हिल’. बोव्हे यांना १९५७ चं नोबेल मिळालं.

अ‍ॅव्हिल भारतात आलं आणि मुरलं. होएक्स्टचं मुलुंडला मोठं बस्तान होतं, आणि अ‍ॅव्हिलची गोळी व इंजेक्शन खेड्यातल्या दवाखान्यापर्यंत पोहोचलं. गांधी, खाज, सर्दी, कीटकदंश, औषधाची रिअ‍ॅक्शन, काहीही झालं तरी डॉक्टरांचा हात आधी त्याच्याकडे जाई. झोप येई, पण आराम पडे. जिथे नेमकं काय बिघडलंय ते कळत नसे, तिथेही ते दिलं जाऊ लागलं. ही सवय पुढे महाग पडणार होती.

दुसरा पत्ता

या सगळ्या यशात एक कोडं मागे पडलं होतं. १९२० साली पोपिएल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की कुत्र्याला हिस्टामिन टोचलं की त्याच्या जठरात आम्ल भराभरा पाझरतं. मग अँटिहिस्टामिन दिल्यावर आम्ल थांबायला हवं. ते काही केल्या थांबत नव्हतं. मात्रा कितीही वाढवली तरी नाही.

रिसेप्टर ही कल्पना तोवर जुनी झाली होती, पण तिच्यावर विश्वास मात्र थोड्यांचाच. १९४८ मध्ये अमेरिकेत रेमंड अलक्विस्ट यांनी अ‍ॅड्रिनलिनचे अल्फा आणि बीटा असे दोन प्रकारचे रिसेप्टर असावेत असं मांडलं, तेव्हाही अनेकांनी ती कागदावरची सोय मानली. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी ती खरी मानली. आयसीआय कंपनीत त्यांनी बीटा रिसेप्टर अडवणारं प्रोप्रॅनोलॉल घडवलं आणि हृदयरोगाच्या उपचाराला वळण दिलं. १९६४ मध्ये ते स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या वेल्विन इथल्या प्रयोगशाळेत आले, ते हिस्टामिनबाबत तोच प्रश्न घेऊन: जठराचा पत्ता वेगळा असेल तर?

१९६६ साली लंडनमध्ये अ‍ॅश आणि शिल्ड यांनी, जुनी अँटिहिस्टामिनं ज्याला अडवतात त्या रिसेप्टरला एच-१ असं नाव दिलं. जठर त्यात बसत नव्हतं. म्हणजे ‘दुसरा’ कोणीतरी असणार हे उघड होतं. पण त्याला अडवून दाखवल्याशिवाय सिद्ध काहीच होत नव्हतं. ब्लॅक, रसायनज्ञ रॉबिन गॅनेलिन व ग्रॅहॅम ड्युरंट आणि औषधशास्त्रज्ञ मायकेल पार्सन्स यांनी हिस्टामिनच्याच रेणूत फेरफार करत पहिल्या चार वर्षांत सुमारे दोनशे संयुगं बनवली. एकही चाललं नाही. मग आधी निकामी ठरवलेल्या एका संयुगाने आम्ल थोडं वाढवतानाच हिस्टामिनलाही थोडं अडवल्याचं त्यांच्या लक्षात आलं. तो धागा धरून ब्युरिमामाइड तयार झालं.

२१ एप्रिल १९७२ च्या ‘नेचर’मध्ये एच-२ रिसेप्टरची सिद्धता प्रसिद्ध झाली. त्याच्या आदल्या दिवशी, २० एप्रिलला, भारतात १९७० चा पेटंट कायदा अंमलात आला होता. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता. दहा-पंधरा वर्षांनी मात्र भारतीय रुग्णाच्या हाती पडणाऱ्या गोळीत त्या दोन्ही एकत्र येणार होत्या.

ब्युरिमामाइड तोंडाने घेतल्यावर नीट शोषलं जात नसे. त्याच्या पुढच्या मेटियामाइडने अल्सर भरून आले, पण काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घटल्या. संशय रेणूतल्या गंधकयुक्त भागावर होता. तो बदलून सिमेटिडिन बनलं, आणि नोव्हेंबर १९७६ मध्ये ‘टॅगामेट’ या नावाने ब्रिटनमध्ये विक्रीला आलं. तोवर अल्सर म्हणजे दूध, पथ्य आणि अँटासिड. त्याने भागलं नाही तर जठराकडे जाणारी व्हेगस नस कापणं किंवा जठराचा तुकडाच काढून टाकणं. आता ज्या रुग्णाला शस्त्रक्रियेची तारीख मिळाली असती, तो गोळ्यांची पट्टी घेऊन घरी जाऊ लागला.

बिरवाडी, १९७६

त्याच वर्षी जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा एक तरुण डॉक्टर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. नाव हिम्मतराव बावस्कर. कोकणात लाल विंचू चावल्याने माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. डॉ. मुंडले यांनी १९६१ मध्येच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये या दंशाविषयी लिहिलं होतं, तरीही मृत्यू नेमका कशाने येतो आणि तो टाळायचा कसा, याचं उत्तर तालुक्याच्या डॉक्टरकडे नव्हतं.

दवाखान्यांत तेव्हा काय मिळे? अँटिहिस्टामिन, स्टेरॉइड, आणि ‘लायटिक कॉकटेल’ नावाचं पेथिडिन, क्लोरप्रोमाझिन आणि प्रोमेथाझिनचं मिश्रण. त्यातलं प्रोमेथाझिन म्हणजे तेच फेनर्गन. दंश झालाय, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखंच काहीतरी असणार, असा त्यामागचा सरधोपट तर्क होता.

बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून तासागणिक नोंदी ठेवल्या. दरदरून घाम, उलट्या, बर्फासारखे गार पडलेले हातपाय, लहान मुलग्यांत शिश्न ताठरणं. रक्तदाब आधी वाढतो, मग हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं आणि तोंडातून गुलाबी फेस येतो. हे चित्र अ‍ॅलर्जीचं नव्हतंच. विंचवाचं विष चेतातंतूंमधली सोडियमची दारं उघडी ठेवतं. त्यामुळे शरीरात अ‍ॅड्रिनलिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिनचा लोंढा सुटतो. तो रक्तवाहिन्यांवरच्या अल्फा रिसेप्टरवर आदळतो, वाहिन्या आवळतात आणि हृदयाला त्या ताणापुढे रक्त ढकलता येत नाही. या सगळ्या प्रकारात हिस्टामिन मुख्य आरोपी नव्हतं. एच-१ अडवणारं इंजेक्शन चुकीच्या पत्त्यावर जात होतं. इतकंच नव्हे, तर कॉकटेलने श्वसन मंदावायचं आणि आधीच डळमळलेल्या हृदयाच्या ठेक्यालाही धोका व्हायचा.

१९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये बावस्करांचा या पूर्वलक्षणांवरचा लेख आला. फुप्फुसात पाणी झालेल्यांना त्यांनी रक्तवाहिन्या सैल करणारं नायट्रोप्रुसाइड सलाइनमधून दिलं. ते लागू पडलं, पण त्यासाठी क्षणोक्षणी रक्तदाबावर नजर ठेवावी लागे, आणि ती सोय खेड्यात कुठून असणार? तेव्हा त्यांची नजर प्रॅझोसिनकडे गेली. उच्च रक्तदाबासाठी वापरात असलेली ही गोळी अल्फा-१ रिसेप्टरच अडवते. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ने तिचे निष्कर्ष छापले. डॉ. प्रमोदिनी बावस्कर या त्यांच्या पत्नी या कामात बरोबरीने होत्या. त्यांच्या प्रकाशित नोंदींनुसार गंभीर रुग्णांमधला मृत्युदर पूर्वी ४० टक्क्यांच्या घरात होता, तो प्रॅझोसिननंतर १ टक्क्याच्या आसपास आला. २०११ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या त्यांच्या चाचणीत प्रॅझोसिनला विंचवाच्या प्रतिविषाची जोड दिल्यावर रुग्ण आणखी लवकर सावरले. २०२२ मध्ये बावस्करांना पद्मश्री मिळाली.

ब्लॅक यांच्या हाताशी रसायनज्ञांचा ताफा होता, बावस्करांच्या हाताशी रक्तदाबाचं यंत्र आणि वही. पण दोघांनी विचारलेला प्रश्न एकच: हा त्रास शरीरातल्या कोणत्या रिसेप्टरमधून येतोय?

गोळी स्वस्त होते

टॅगामेटच्या मागोमाग ग्लॅक्सोचं रॅनिटिडिन १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘झँटॅक’ म्हणून आलं. सिमेटिडिन यकृतात इतर औषधांच्या विल्हेवाटीत अडथळा आणी. रॅनिटिडिनमध्ये ती भानगड बरीच कमी होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते जगातलं सर्वांत जास्त विकलं जाणारं औषध बनलं. ब्लॅक यांना १९८८ चं नोबेल मिळालं.

जुन्या, १९११ च्या कायद्याने चालत असता, तर भारतीय रुग्णाला हे औषध मूळ कंपनीच्या भावानेच घ्यावं लागलं असतं. १९७० च्या कायद्याने औषधाच्या रेणूवर पेटंट नाकारलं. पेटंट फक्त बनवण्याच्या पद्धतीवर, आणि तेही फार तर सात वर्षं. वेगळ्या वाटेने तोच रेणू बनवायला भारतीय रसायनज्ञ मोकळे झाले. ग्लॅक्सोच्या ‘झिनटॅक’ला मुंबईच्या जे. बी. केमिकल्सचं ‘रॅनटॅक’ आणि अहमदाबादच्या कॅडिलाचं ‘अ‍ॅसिलॉक’ भिडलं. स्पर्धा आणि सरकारी किंमत नियंत्रण यांच्या चिमट्यात गोळीचा भाव सामान्य माणसाच्या खिशाला झेपेल इतका खाली आला.

औषध उद्योगाच्या या वाढीत नाशिकही होतं. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ग्लॅक्सोचा कारखाना आला, सातपूरला ग्लेनमार्कचा. द्राक्ष-कांद्याच्या या जिल्ह्यात औषधनिर्मिती हाही पोटापाण्याचा धंदा झाला. २००५ पासून भारतात रेणूवरचं पेटंट पुन्हा लागू झालं. पण तोवर मुक्त स्पर्धेत वाढलेल्या कारखान्यांनी स्वस्त गोळ्यांची सवय देशालाच नव्हे, निम्म्या जगाला लावली होती.

स्वस्ताईची दुसरी बाजूही होती. गोळी इतकी हाताशी आली की तिखट जेवणानंतर, उपासानंतर, वेदनाशामकाबरोबर, सलाइनबरोबर ती उगाचच दिली-घेतली जाऊ लागली. अ‍ॅव्हिलचं जे झालं होतं, तेच आता रॅनिटिडिनचं झालं.

शिवाय अल्सरचं मूळ कारण आम्ल नव्हतंच. ऑस्ट्रेलियात वॉरन आणि मार्शल यांनी १९८०च्या दशकात दाखवलं की बहुतेक अल्सरांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असतो. एच-२ अडवणाऱ्या गोळीने व्रण भरे, गोळी थांबवली की परत येई. जंतू मारल्यावर तो कायमचा बरा होऊ लागला. त्याच सुमारास ओमेप्राझोल आलं. ते रिसेप्टरच्या भानगडीत न पडता आम्ल बाहेर टाकणारा पंपच बंद करतं. एच-२ ची मक्तेदारी पंधरा वर्षांतच संपली.

मेंदूतला पत्ता आणि एका गोळीची घसरण

१९८३ मध्ये पॅरिसमध्ये आरांग, गार्बार्ग आणि श्वार्त्झ यांना मेंदूत हिस्टामिनचा तिसरा रिसेप्टर सापडला. हिस्टामिन पुरेसं सुटलं की एच-३ चेतापेशीला हात आखडता घ्यायला सांगतो. २००० च्या सुमारास जनुकीय माहितीतून चौथा, एच-४, पुढे आला. तो प्रतिकारशक्तीच्या पेशींवर असतो. त्यावरचं औषध अजून दवाखान्यात आलेलं नाही. एच-३ अडवणारं पिटोलिसंट मात्र भरदिवसा झोपेचे झटके येणाऱ्या नार्कोलेप्सीच्या रुग्णांसाठी २०१६ मध्ये युरोपात मंजूर झालं.

मेंदूला जागं ठेवण्यात हिस्टामिनचा वाटा आहे हे कळल्यावर अ‍ॅव्हिलच्या गुंगीचाही उलगडा झाला. ते त्वचेवरच्या एच-१ बरोबर मेंदूतल्या एच-१ लाही गाठतं. मग मेंदूत फारशी न शिरणारी औषधं शोधली गेली. त्यातलं टरफेनाडिन हृदयाचा ठेका बिघडवतं म्हणून नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मागे घ्यावं लागलं. सेटिरिझिन, लोराटाडिन आणि फेक्सोफेनाडिन टिकली.

सप्टेंबर २०१९ मध्ये रॅनिटिडिनवर घाला आला. गोळ्यांमध्ये एनडीएमए हे संभाव्य कर्करोगकारक रसायन आढळलं. ते बाहेरून मिसळलेलं नव्हतं; उष्णतेने आणि काळाने रॅनिटिडिनचाच रेणू मोडून ते तयार होऊ शकतं. ग्लॅक्सोने भारतासह सगळीकडचा पुरवठा थांबवला, एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेने ते बाजारातून काढायला सांगितलं आणि सप्टेंबर २०२२ मध्ये भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतून ते गळालं. दोष एच-२ अडवण्याच्या कल्पनेत नव्हता. तोच रिसेप्टर अडवणारं फॅमोटिडिन आजही वापरात आहे.

हिशेब

या शतकभराच्या घडामोडीतून गोळ्या मिळाल्या, शस्त्रक्रिया टळल्या, नोबेल मिळाली. पण सगळ्यात मोठी मिळकत म्हणजे विचार करण्याची पद्धत. आधी औषध सापडे आणि मग ते कशावर चालतं याचा अंदाज बांधला जाई. ब्लॅक यांनी आधी रिसेप्टर ठरवला, मग त्यासाठी रेणू घडवला. आज औषध संशोधनाची मोठी वाट हीच आहे. नाशिकच्या म्हसरूळला मुख्यालय असलेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या परीक्षांना बसणारा प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी दुसऱ्या वर्षी एच-१ आणि एच-२ यांचा तक्ता पाठ करतो.

तक्ता पाठ असणं आणि हाताची सवय बदलणं यांत मात्र अंतर आहे, आणि ते जिवावर बेतू शकतं. गांधीलमाशीच्या दंशाने अ‍ॅनाफायलॅक्सिस होऊन रक्तदाब कोसळलेल्या, घसा आवळलेल्या माणसाला पहिलं औषध हवं ते मांडीत टोचलेलं अ‍ॅड्रिनलिन. अ‍ॅव्हिल खाज आणि गांधी कमी करील, पण हवेची वाट मोकळी करणार नाही आणि रक्तदाबही वर आणणार नाही. लाल विंचवाच्या दंशात नेमकी उलटी स्थिती असते: अ‍ॅड्रिनलिनच शरीरात उतू जात असतं, आणि जीव वाचतो तो त्याचा अल्फा रिसेप्टर अडवल्याने. दोन्ही रुग्णांना दंशच झालेला असतो, दोघेही घामाने भिजून त्याच टेबलावर येतात, आणि एकाला तारणारं औषध दुसऱ्याला मारू शकतं. बिरवाडीच्या नोंदींनी पन्नास वर्षांपूर्वी शिकवायला सुरुवात केली ती हीच गोष्ट: चावलं काय हे विचारून थांबायचं नाही, शरीरात नेमकं काय सुटलंय आणि ते कुठे जाऊन लागतंय हे ओळखायचं, आणि मगच सिरिंज भरायची.